टॉवेलाखालची बोटं

धसईच्या पुढे कोसभर आत सावळाराम विशेंचं घर होतं. तिथे गप्पा मारायला म्हणून जो गेला तो फसला. चहा मिळायचा, बसायला घोंगडी मिळायची, पण शब्द मोजून तीन. ‘या’, ‘घ्या’ आणि ‘बरं’. बाकी सगळं बोलणं त्यांच्या बायकोने, धोंडूबाईंनी, अंगावर घेतलेलं. नवऱ्याला काय वाटतं तेही त्याच सांगायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायच्या.

हाच माणूस म्हसा गावच्या जत्रेत दिवसभर बोलत असे. तोंडाने नव्हे, बोटांनी.

सावळाराम गुरांचे दलाल. म्हशाला पौष पौर्णिमेला जत्रा लागली की गुरांचा बाजारही भरतो, आणि तिथे सौदा उघड्यावर बोलायची पद्धत नव्हती. देणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उकिडवे बसायचे, हातांवर टॉवेल पडायचा आणि त्याच्या आत बोटं बोटांशी बोलायची. भोवती पन्नास माणसं माना वाकवून उभी, आणि एकालाही काही कळायचं नाही. बैल किती दातांचा म्हणजे केवढ्या वयाचा, गाय कितव्या वेताची म्हणजे किती वेळा व्यायलेली, मागणी केवढी, सगळं आत. दात काय, बैलाचा ओठ वर केला की कोणालाही मोजता येतात. पण त्या दातांबद्दल दोन दलालांचं खरं मत काय, ते टॉवेलाखालीच कळायचं.

ही बोली त्यांना मंगळ्यादादाने शिकवली. मंगळ्यादादा सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला. सही म्हणून अंगठा उठवायचा, पण तोच अंगठा टॉवेलाखाली गेला की भिवंडी-कल्याणचे मोठमोठे व्यापारी घाम पुसत उठायचे. त्याने सावळारामांना शिकवलं ते त्यांच्या लग्नाच्या वर्षी, आणि शिकवण्याआधी देवासमोर उभं करून शब्द घेतला.

“ज्याचा हात सौद्यात नाय, त्याला ही बोली सांगायची नाय. बायकोला नाय, पोरांना नाय. सांगशील तवापासून बाजारात तुझा हात बंद. मंग जत्रेत फिर, भजी खा, पाळण्यात बस. पन टॉवेलात हात घालायचा नाय.”

सावळारामांनी शब्द दिला आणि तीस वर्षं पाळला. धोंडूबाईंचं सगळं दुखणं इथेच होतं. माहेराहून आंदण आलेली त्यांची कपिली गाय सावळारामांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी म्हशाला दिली. नांगराला बैल हवा होता, गाय विकून जागच्या जागी बैल घेतला. कपिली केवढ्याला गेली ते टॉवेलाखालीच राहिलं. धोंडूबाईंनी गोडीने विचारलं, रुसून विचारलं, बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवून विचारलं. सावळाराम म्हणाले, “बरं आलं.” तीस वर्षं तेवढंच उत्तर. दारात कोणाची गाय व्यायली तरी धोंडूबाईंना कपिली आठवायची, आणि मग त्या दिवशी भांडी जरा मोठ्याने वाजायची.

थोरल्या दोघी मुली लग्न होऊन गेल्या. उरली धाकटी, दर्शना. बारावी झाली आणि तिने कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं. साल नव्व्याण्णव. मुरबाडला एसटी स्टँडजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर क्लास निघाला होता. चार कॉम्प्युटर, बारा मुलं आणि कल्याणहून येणारे प्रणित सर. लाइट गेली की सगळे खाली येऊन उसाचा रस प्यायचे. दर्शना रोज पहिल्या गाडीने जायची आणि दुपारी परत यायची. तिला एकच गोष्ट हवी होती. कोर्स संपल्यावर नव्या बॅचला शिकवायला सर एकाला ठेवून घेणार होते, आणि ती जागा तिला हवी होती. प्रणित सरही म्हणाले होते, ‘दर्शना, तू शिकवशील तर मुलं पळून जाणार नाहीत.’

पण सगळ्या विषयांत बरी असलेली दर्शना दिवाळीआधीच्या परीक्षेत ‘सी’ मध्ये आपटली. सी ही प्रोग्राम लिहायची भाषा, यंत्राच्या अगदी अंगाला अंग लावून चालणारी. तिच्यात चूक केली तर यंत्र ‘चुकलीस’ असंही सांगत नाही, गुपचूप भलतंच करून ठेवतं. पौषात फेरपरीक्षा होती. त्यातही आपटली तर कोर्स गेला आणि ती जागाही गेली. तिसऱ्यांदा बसता येत नव्हतं.

घरी कॉम्प्युटर नव्हताच. दर्शना ओटीवर वही घेऊन बसायची आणि शाळेतली कविता म्हणावी तसं घोकायची. “इंटिजर म्हणजे पूर्ण आकडा, दोन बाइट. कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर, एक बाइट. फ्लोट म्हणजे अपूर्णांक, चार बाइट. व्हेरिएबल वापरण्याआधी त्याचा प्रकार सांगावा. व्हेरिएबल वापरण्याआधी त्याचा प्रकार सांगावा.” हे इतक्या वेळा झालं की धोंडूबाई चुलीपाशी भाकरी थापताना ‘फ्लोट म्हंजे अपूर्णांक’ म्हणायला लागल्या.

एका संध्याकाळी सावळाराम बैलांना पाणी दाखवून आले तर पोरगी वहीवर डोकं टेकून रडत होती. सावळारामांना रडणारं माणूस समोर आलं की काय करावं ते कळत नसे. ते जवळ बसले आणि म्हणाले, “काय झालं, बाय?”

“मला कळतच नाय, बाबा. पाठ आहे सगळं, पण कळत नाय.” तिने वही पुढे केली. पानभर चौकोन काढले होते आणि चौकोनांत शून्य-एक, शून्य-एक भरलं होतं. “हे कॉम्प्युटरचं पोट. आत सगळं असंच दिसतं. सर म्हणतात, इथे पासष्ट हा आकडा ठेवला तरी हेच, आणि इंग्रजी ए अक्षर ठेवलं तरी हेच. एकसारखंच. मग त्याला कळतं कसं, आकडा आहे का अक्षर? आणि हे बघा. जत्रेतल्या गुरांचा प्रोग्राम केला मी. एकूण गुरं चाळीस हजार असं लिहिलं. तर त्याने उत्तर काय दिलं माहितीये? उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस.”

“उणे गुरं?”

“उणे.”

सावळाराम विचारात पडले. “येवढी तर आपल्या तालुक्यात चोरीलाबी गेली नसतील,” ते म्हणाले. दर्शना रडता रडता हसली आणि पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीतून पायली आणि शेर आणून तिच्यापुढे मांडले. हे भाताचं मोठं माप, हे छोटं. जेवढं भात, तेवढं माप. दर्शनाने मान हलवली. “सर पण हेच सांगतात, बाबा. डबे समजा म्हणतात. पण पायली आणि शेर दिसायलाच वेगळे आहेत. इथे दोन्हीकडे सारखंच दिसतं. सारखं दिसणारं वेगळं कसं असेल?”

सावळारामांनी पायली आणि शेर पुन्हा पडवीत नेऊन ठेवले. सारखं दिसणारं वेगळं कसं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं ते दुसरं करत काय आले होते? दोन बोटं दाबली की ती बोटं दोनच. पण दोन दात, का दोन वेत, का दोन शेकडे, हे बोटांवर लिहिलेलं नसतं. ते आधीच्या खुणेने ठरतं. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पंज्यात होतं आणि पंजा शब्दाने बांधलेला होता.

चार दिवस त्यांनी काढले. जेवण गेलं, तंबाखू वाढली. धोंडूबाईंना वाटलं पित्त झालं, त्यांनी कोकमाचं पाणी दिलं. मंगळ्यादादा किती म्हातारा झाला असेल, याचा ते हिशेब करत बसायचे. एकदा मनात आलं, तो गेला असला तर? आणि त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की उठून त्यांनी गोठा दुसऱ्यांदा झाडला.

पाचव्या दिवशी दर्शना क्लासवरून आली, वही कोनाड्यात टाकली आणि आईला म्हणाली, “मी सरांना सांगून आले. परीक्षेला नाय बसत. दुसऱ्या कोणाला तरी घ्या.”

सावळाराम भात खात होते. ते तसेच उठले, हात धुतला, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “बाय, गोठ्यात ये.”

गोठ्यात दोन बैल रवंथ करत उभे होते. त्यांच्यासमोर पेंढ्याच्या भाऱ्यावर बापलेक बसले. सावळारामांनी तिचा उजवा हात घेतला, वर टॉवेल टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दमात दहा वाक्यं बोलले.

“पैला हात झाडायचा. असा. मागच्या सौद्याचं बोटाला काय चिकटलं असंल ते जायला पायजे. नाय झाडलास तर समोरच्याला वाटतं तू त्याच आकड्यापासून बोलतंस. मंग पैली खूण. अंगठा मनगटावर आला का दात. तळव्यात आला का वेत. नखावर आला का शेकडा. ही खूण मंजे कशातलं. त्याच्यानंतर बोटं, ती मंजे किती. कशातलं ते आधी, किती ते मागून. आता सांग, हे काय?”

टॉवेलाखाली तिच्या मनगटाला अंगठा लागला आणि दोन बोटं दाबली गेली.

“दोन दात.”

तळव्याला अंगठा लागला. बोटं तीच, दोन.

“दोन वेत.”

“बोटं बदलली?”

“नाय.”

“मंग तुला कसं कळलं?”

दर्शनाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. एक बैल फुरफुरला. “तुम्ही आधी सांगितलंत म्हणून,” ती हळू म्हणाली, आणि मग एकदम ओरडलीच. “बाबा! हेच! व्हेरिएबल वापरण्याआधी त्याचा प्रकार सांगावा! आत काय आहे ते त्याला कळत नाहीच. आपण सांगतो, यातलं इंटिजर म्हणून वाच, तर तो पासष्ट वाचतो. कॅरेक्टर म्हणून वाच सांगितलं, तर ए वाचतो. आतलं तेच!”

“आसंल,” सावळाराम म्हणाले.

मग तिने प्रश्नांची झोड उठवली. हात झाडला नाही तर? सावळारामांनी सांगितलं, एकदा तरणेपणी ते हात झाडायला विसरले आणि समोरच्याने आधीच्या बैलाचा आकडा धरून नव्या गाईचा सौदा सुरू केला. दर्शनाने मांडीवर हात मारला. परीक्षेत तिने बेरजेचं व्हेरिएबल सुरुवातीला शून्य केलंच नव्हतं, त्यात आधीचा कचरा तसाच होता, आणि त्याच्यावर तिने सगळी बेरीज केली होती. आणि पंज्यात मावणार नाही एवढा आकडा बोलायचा झाला तर?

“पाच बोटं, त्यांची पेरं, येवढाच पंजा. त्याच्यावर गेलं का दुसरा हात लावायचा. टॉवेल मोठा घ्यायचा.”

“आणि एकाच हाताने रेटलं तर?”

“तर समोरच्याला भलतंच कळतं.”

“उणे गुरं,” दर्शना म्हणाली. “इंटिजरमध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावतं. मी चाळीस हजार कोंबले. तिथे लाँग घ्यायला हवा होता, चार बाइटचा. दुसरा हात लावायला हवा होता, बाबा.” आणि तिने त्या टॉवेलासकट बापाच्या गळ्यात हात टाकले. सावळारामांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. ते उगाच बैलाचा ओठ वर करून दात बघायला लागले.

पेंढ्याच्या पलीकडे धोंडूबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

“तीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं मी विचारतंय, आनि पोरीला एका दुपारात?”

धोंडूबाई पाटी घेऊन निघून गेल्या. पण रात्री जेवायला वाढताना त्यांच्या लक्षात आलं, की नवऱ्याने शब्द मोडला म्हणजे काय झालं. शब्दातली अट त्यांना पाठ होती. नवऱ्याने कधी काळी फक्त तेवढंच सांगितलं होतं, विचारणं बंद व्हावं म्हणून. त्यांनी ताटातला भात पुढे सारला आणि विचारलं, “मंग आता म्हशाला?”

“जायाचं,” सावळाराम म्हणाले. “फिरायचं. भजी खायाची.”

“पोरीला सांगू नको,” त्यांनीच पुढे जोडलं. “परीक्षा हाय.”

दर्शना दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेली आणि ‘बसते’ म्हणून सरांना सांगून आली. फेरपरीक्षा जत्रेच्या आठ दिवस आधी झाली. सी च्या पेपरात विचारलेला प्रोग्राम तिने लिहिला, पहिल्या ओळीत प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार सांगितला, बेरजेत आधी शून्य भरलं, मोठा आकडा दिसला तिथे लाँग घेतला. प्रणित सरांनी तिच्यासमोरच प्रोग्राम चालवला आणि उत्तर बघून म्हणाले, “नवी बॅच एक तारखेला आहे. साडेसातला ये.” ती घरी आली तीच ओरडत. धोंडूबाईंनी तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या, साखर दिली आणि मग पदर डोळ्याला लावला. दर्शनाला वाटलं आनंदाने.

जत्रेच्या दिवशी सावळाराम पहाटेच्या गाडीने एकटेच गेले. टॉवेल खांद्यावर होता, सवयीने. नऊच्या सुमाराला दर्शनाने सहज म्हटलं, “बाबा यंदा गुरं कोणाची बोलणारेत?” आणि धोंडूबाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, मंगळ्यादादा, देव, शब्द, बंद हात. दर्शना जागची उठली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, “चल.” धोंडूबाई म्हणाल्या, “आगो, चुलीवर डाळ हाय.” डाळ उतरवून दोघी निघाल्या.

म्हशाच्या बाजारात दुपारपर्यंत गुरांची धूळ माणसाच्या छातीपर्यंत आली होती. एका आंब्याखाली माणसांचं कडं होतं आणि मध्ये मंगळ्यादादा बसला होता. ऐंशीच्या घरातला, तोंडात एकही दात नाही. शेजारी धसईकडच्या एका वाडीतला शेतकरी जगन आपली बैलजोडी धरून उभा होता. तो सावळारामांच्या भरवशावर आला होता, आणि सावळाराम त्याला सांगत होते की त्यांना बोलता येणार नाही.

“का नाय येत?” जगन रडकुंडीला आला होता. “गेल्या साली कबूल केलंत!”

“मंगळ्यादादा,” सावळाराम सगळ्यांदेखत म्हणाले. ते एवढ्या मोठ्याने बोललेले कोणी ऐकलं नव्हतं. “मी बोली सांगितली. पोरीला.”

मंगळ्यादादाने मान वर केली. “सांगितलीस?”

“सांगितली.”

“कशापायी?”

“तिचं अडलं व्हतं.”

दर्शना आईचा हात सोडून माणसांतून वाट काढत पुढे आली. “आजोबा, चूक माझी. मीच रडत होते. त्यांचा हात बंद करू नका.”

मंगळ्यादादाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, गाय बघतात तसं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यावर अंथरला. “बस हितं. खरंच शिकलंस का बापाने नुसतीच बोली वाया घालवली, ते बघू. हात दे.”

दर्शना उकिडवी बसली. टॉवेल पडला. तिने हात झाडला, म्हाताऱ्यानेही झाडला. मग ती वाट बघत राहिली. सावळारामांना टॉवेलाखालचं दिसत नव्हतं, त्यांना पोरीचं तोंड तेवढं दिसत होतं, आणि त्या तोंडावर काहीच नव्हतं. म्हाताऱ्याचा खांदा किंचित हलला. बोटं दाबली गेली होती. भोवतीच्या दलालांना वाटलं आता ती आकडा बोलेल. दर्शना गप्प. खांदा पुन्हा हलला. दर्शना गप्प. ‘बोल गो, बाय,’ असं सावळारामांना ओरडावंसं वाटलं.

“काय बोललो मी?” मंगळ्यादादाने दरडावून विचारलं.

“तीन बोटं दाबलीत,” दर्शना म्हणाली. “दोनदा. पण कशातलं ते सांगितलंच नाही, आजोबा. ते सांगेपर्यंत माझ्यासाठी ती नुसती तीन बोटं. दात समजले तरी चूक, वेत समजले तरी चूक.”

मंगळ्यादादाचं बिनदाताचं तोंड उघडलं आणि तो खदखदून हसायला लागला. “आरं, हितंच! हितंच फसवलं मी अर्ध्या ठान्याला! बोटं दाबली का धावत सुटतात, पैसं समजून. कशातलं ते कोन इचारीत नाय!” तो खोकला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मग सावळारामांकडे वळला तेव्हा हसत नव्हता.

“सावळ्या, शब्द तो शब्द. बाजारात तुझा हात बंद.”

“बरं,” सावळाराम म्हणाले.

“पन हिचा हात आता सौद्यात हाय. जगनच्या जोडीचं ही बोलंल. तू दात बघ.”

कड्यात कुजबुज झाली. बाईमाणूस टॉवेलाखाली हात घालतं, हे म्हशाला कोणी पाहिलेलं नव्हतं. एकदोघे उठूनही गेले. पण मंगळ्यादादापुढे बोलणार कोण? घेणाऱ्याचा दलाल नाक मुरडत बसला आणि दर्शना त्याच्यासमोर. सावळारामांनी बैलांचे ओठ वर केले. एक चार दातांचा, एक सहा दातांचा, पोरीला सांगितलं. पाव तास टॉवेल हलत राहिला. मग तो दलाल मुकाट्याने टॉवेल ओढून उठला आणि जगनने बैलांच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवला. सौदा जमला होता.

त्यानंतर तिने फारसे सौदे केले नाहीत, तिला क्लास होता. पण पुढे कित्येक वर्षं मुरबाडच्या त्या माडीवर सी चा पहिला तास ती टॉवेल घेऊन करायची. खुणा तिने स्वतःच्या बनवल्या होत्या, मंगळ्यादादाच्या नव्हेत. एका पोराच्या हातावर टॉवेल टाकायची, बोटं दाबायची आणि विचारायची, काय बोलले मी? सगळे आकडा ओरडायचे. मग ती गप्प बसायची, एखादा ‘मॅडम, कशातलं?’ असं विचारेपर्यंत.

जत्रेच्या त्या संध्याकाळी तिघं परतीच्या एसटीत बसले. दर्शना पुढच्या बाकावर खिडकीशी लगेच झोपली. मागे सावळाराम आणि धोंडूबाई. सावळारामांनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. आता तो कशाला लागणार होता? तोंड पुसायला. उजवा हात त्यांनी त्या घडीवर ठेवला होता, आणि तो हात इतका रिकामा वाटत होता की त्यांना तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. खूप वाईट वाटत होतं. पुढे पोरीची मान झोपेत खिडकीवर आपटली, तिने ती सरळ केली, आणि त्यांना पुन्हा बरं वाटलं. असं दोन्ही चाललं होतं.

धोंडूबाईंनी टॉवेलाची घडी उलगडली, दोघांच्या मांड्यांवर पसरली आणि आपला हात खाली घातला.

“मंगळ्यादादा बाजारात म्हनाला,” त्या म्हणाल्या. “गाडीतलं काय बोलला नाय.”

सावळारामांनी इकडेतिकडे पाहिलं. कंडक्टर पुढे होता.

“खुणा मी गोठ्यातच ऐकल्यात,” धोंडूबाई म्हणाल्या. “झाडा हात. आनि बोला. कपिली.”

सावळारामांनी हात झाडला. तीस वर्षं धरून ठेवलेलं सोडताना बोटं थोडी अडखळली. अंगठा बायकोच्या नखावर टेकला, म्हणजे शेकडा, आणि मग त्यांनी बोटं दाबली.

धोंडूबाईंनी दाबलेली बोटं मनात पुन्हा मोजली. मग नवऱ्याकडे वळल्या.

“येवढ्यात? माझी कपिली, पैल्या वेताची, येवढ्यात दिलीत?”

“पैलाच सौदा व्हता माझा,” सावळाराम कसेबसे म्हणाले. “फसलो.”

“तरीच बोलत नव्हता,” धोंडूबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पुढची दर्शना जागी झाली. “आनि मी येडी, तीस वर्षं समजत व्हते काय मोठं गुपित हाय!”

गाडी धसईला पोचेपर्यंत त्या मधूनमधून हसत होत्या. टॉवेलाखालचा हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.